परवा म्हणजे मागचा की पुढचा?

"परवा येतो" म्हटलं की पुढचा परवा, "परवा आलो होतो" म्हटलं की मागचा. काल आणि उद्या यांना मराठीने वेगवेगळे शब्द दिले, पण आणखी एक दिवस लांब गेलं की दोन्ही दिशांना एकच शब्द ठेवला. दिवस कोणता ते क्रियापदाने सांगायचं. वर्षांच्या बाबतीत मराठवाड्यातली बोली मागच्या बाजूला झुकलेली आहे. चालू साल औंदा, गेलेलं गुदस्ता, त्याच्याही मागचं तिगस्ता. गुदस्ता हा फारसीतल्या 'गुजश्ता', म्हणजे गेलेला, या शब्दावरून आला. येणाऱ्या सालासाठी असा एकवटलेला शब्द रोजच्या बोलण्यात नाही, तिथे "पुढल्या साली" असं दोन शब्दांत म्हणावं लागतं.

भाषेवरून माणसाच्या मनाबद्दल फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण मनाचं मोजमापही असंच एकीकडे झुकलेलं असतं, हे प्रयोगांमध्ये वारंवार दिसून आलं आहे. मागचं मन कापून-जोडून ठेवतं, आजचं फुगवून दाखवतं, आणि पुढचं धूसर करून त्याची किंमत पाडतं. शिकलेला असो की अडाणी, बागायतदार असो की कोरडवाहू, झुकाव सगळ्यांच्यात सापडतो. सुदैवाने तो बहुतेक वेळा एकाच बाजूचा असतो. तराजूच्या कोणत्या पारड्यात किती फरक आहे हे ठाऊक असलेला दुकानदार हलक्या बाजूला पासंग घालून वजन बरोबर करतो. इथेही तेवढंच करायचं आहे: तिन्ही काळांचा झुकाव ओळखायचा आणि त्याला पासंग घालायचा.

आठवणीतली तारीख

आठवण ही कपाटात ठेवलेली फाईल असते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात दर वेळी आठवताना मेंदू तुकडे गोळा करून ती नव्याने जुळवतो, आणि जुळवताना आजूबाजूला जे पडलेलं असेल तेही आत घेतो. १९७४ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या धडकेची चित्रफीत दाखवली. ५० जणांना विचारलं, "गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता?" दुसऱ्या ५० जणांच्या प्रश्नात 'आदळल्या'च्या जागी 'धडकल्या' असा साधा शब्द होता. आठवड्याने दोन्ही गटांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच. तरी पहिल्या गटातले १६ जण 'हो' म्हणाले, दुसऱ्यातले ७.

म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून जुनी गोष्ट काढून घेताना पहिला नियम असा की उत्तर प्रश्नात घालू नये. "तेव्हा लई मोठा पूर आला होता ना?" असं विचारलं की पूर येतोच. "त्या साली पावसाचं कसं होतं?" एवढंच विचारावं.

आठवणीतला प्रसंग बराच काळ टिकतो, तारीख मात्र लवकर सुटते. "गुरं विकली" हे पक्कं आठवतं, कोणत्या साली ते नाही. त्यातही एक ठरावीक चूक होते: ठसठशीत घटना आहे त्यापेक्षा अलीकडची वाटते. बारा वर्षांपूर्वीचं "सात-आठ वर्षं झाली असतील" म्हणून सांगितलं जातं. यावर सर्वेक्षण करणारे लोक एक उपाय वापरतात, घटनांचं कॅलेंडर. साल विचारायचंच नाही, खुंट विचारायचा. मराठवाड्यात हे खुंट पक्के रोवलेले आहेत. निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन. बहात्तरचा दुष्काळ. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे.

करायचं असं. कागदावर आडवी रेघ मारायची, तिच्यावर हे चार खुंट लावायचे. मग घरातले खुंट: लग्न, थोरल्याचा जन्म, विहीर, वाटणी. प्रत्येक घटनेबद्दल दोनच प्रश्न विचारायचे, "हे त्याच्या आधी की नंतर?" आणि "तेव्हा बरोबरचं पोरगं केवढं होतं?" समजा आजी म्हणते की पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. म्हणजे जन्म १९४० किंवा १९४१ चा. मग वेगळ्या बाजूने तपासायचं: दुष्काळात खडी फोडायला जाताना थोरला कडेवर होता की हाताला धरून चालत होता? कडेवर असेल तर त्याचा जन्म १९७० च्या पुढे-मागे, म्हणजे आजी तेव्हा तिशीच्या आसपास. त्या काळी पहिलं मूल इतक्या उशिरा होणं जरा विरळच. मग कडेवरचं मूल थोरलं नसून तिसरं-चौथं असावं, किंवा पहिल्या उत्तरातलं वय चुकलेलं. अशी दोन उत्तरं एकमेकांशी भांडली की खरी माहिती तिथेच सापडते. तो प्रश्न पुन्हा विचारावा, सरासरी काढून मोकळं होऊ नये.

सगळे खुंट सारखे बारीक नाहीत. भूकंपाचा खुंट सुईसारखा आहे. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चार वाजायला थोडा वेळ. त्या आधी की नंतर हे औसा, उमरगा, लोहारा भागात चुकत नाही. 'बहात्तर' मात्र रुंद आहे. पाऊस १९७२ ला गेला, पण दुष्काळी कामं १९७३ मध्येही चालू होती, मिलो (तेव्हा बाहेरून आलेली ज्वारी) आणि सुकडी (दुष्काळात वाटलेलं पौष्टिक खाणं) यांच्या आठवणी दोन्ही वर्षांत मिसळलेल्या असतात. 'रझाकाराच्या वेळी' आणि 'पोलीस ॲक्शनच्या वेळी' हेही वेगळं विचारावं, पहिल्यात वर्ष-दोन वर्षांचा काळ येतो, दुसऱ्यात पाच दिवस.

कागदाने पडताळायला गेलात तर दोन अडचणी येतात. निजाम काळातल्या महसुली कागदावर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, पण फसली साल ऑक्टोबरच्या सुरुवातीला आझूर महिन्याने लागत असल्यामुळे जानेवारीपासून पुढच्या तारखांना ५९१ मिळवावे लागतात. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. दुसरी अडचण शाळेच्या दाखल्याची. जुन्या पिढीतल्या अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून निघते. जूनमध्ये शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली ती तारीख. वर्षालाही तिथे फार मान देऊ नये.

आठवणीतला भाव

तारखेची चूक फारसं नुकसान करत नाही. किमतीची चूक करते.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंशांच्या थंडगार पाण्यात हात ठेवायला लावला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यांत पाणी हळूहळू १५ अंशांवर नेलं. मग विचारलं, यातलं कोणतं पुन्हा कराल? ३२ पैकी २२ जणांनी लांबलेलं निवडलं. त्रास जास्त वेळ होता, पण शेवट जरा बरा होता. आठवणीत एकूण किती वेळ गेला ते जवळपास राहतच नाही. सगळ्यात तीव्र क्षण राहतो आणि शेवट राहतो.

आता हे सोयाबीनवर लावून पाहा. २०२१ च्या जुलै-ऑगस्टात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांपर्यंत गेलं होतं. तेव्हा शेतकऱ्याच्या घरात माल फारसा नव्हताच, हंगाम संपत आलेला होता. पण आकडा डोक्यात बसला. पुढच्या हंगामांत साडेचार-पाच हजारांचा भाव दिसला की तो 'अर्धा' वाटायचा, आणि पोती थप्पीला लागायची. थप्पी लावणं चूक नसतं. चूक असते ती मोजमापाच्या जागी शिखर वापरण्यात. १०,००० हा सोयाबीनचा भाव नव्हता, काही आठवड्यांचा भाव होता.

थांबायचं की विकायचं याचा हिशोब असा करावा. आजचा भाव ४,५०० धरू. माल विकून ज्या कर्जात पैसे भरले असते त्याचं व्याज वर्षाला १२ टक्के असेल तर सहा महिन्यांचे क्विंटलमागे २७० रुपये. गोदामभाडं महिन्याला १० रुपये धरलं तर ६०. तूट तर ठरलेलीच: १२ टक्के ओलाव्याचा माल वाळून ९ टक्क्यांवर आला की १०० किलोचे ९६.७ किलो राहतात. म्हणजे ४,८३० रुपये या ९६.७ किलोंतून निघायला हवेत. भाव लागतो जवळपास ५,०००. एप्रिलमध्ये ४,९०० मिळाले तर गावात "चारशे रुपये जास्त मिळाले" अशी चर्चा होईल, वहीत मात्र क्विंटलमागे सुमारे ९० रुपये घट दिसेल.

वरच्या हिशोबात सगळ्यात जड भार व्याजाचा आहे, आणि तो हलका करता येतो. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बाजार समित्यांमार्फत चालते. गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, १८० दिवसांसाठी, ६ टक्क्यांनी. व्याज निम्म्यावर येतं, आणि ज्या गरजेपायी दिवाळीआधी माल काढावा लागतो ती भागते. योजना आपल्या बाजार समितीत चालू आहे का, गोदामात जागा आहे का, हे मात्र काढणीच्या आधी विचारून ठेवावं.

आणि शिखराला पासंग काय? मागच्या पाच वर्षांचे त्याच महिन्याचे भाव एका ओळीत लिहायचे, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान खोडायचा, उरलेल्या तिघांतला मधला धरायचा. शाळेतल्या मुलालाही जमतं.

आज किती मोठा?

"आज १,००० घेता का आठवड्याने १,१००?" असं विचारलं की पुष्कळ जण आजचे घेतात. "बावन्न आठवड्यांनी १,००० घेता का त्रेपन्न आठवड्यांनी १,१००?" असं विचारलं की तीच माणसं म्हणतात, एक आठवडा काय, थांबू की. दोन्हीकडे आठवडा एकच, रुपये शंभरच. फरक एवढाच की पहिल्या प्रश्नात एका पारड्यात 'आज' बसलेला आहे.

याला अर्थशास्त्रात वर्तमानाकडचा कल म्हणतात. खेड्यात याचे दर रोज बोलले जातात, फक्त महिन्याच्या भाषेत. "शेकडा तीन" ऐकायला किरकोळ वाटतं. दहा हजारांवर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० होतात. व्याज मुद्दलात मिसळत गेलं तर बारा महिन्यांनी १४,२५८ द्यावे लागतात. कोणत्याही दराला बाराने गुणून मगच हो म्हणायचं, एवढी सवय लागली तरी पुष्कळ झालं.

ऊसतोडीची उचल हे याचं सगळ्यात कडक रूप. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कोयते कारखान्यांवर जातात. कोयता म्हणजे एक जोडी, बहुधा नवरा-बायको. मुकादम हंगामाआधीच पैसे देतो, आणि ते तोडीतून फेडायचे असतात. समजा जोडीने एक लाख उचलले आणि टनाला ३६६ रुपये दर आहे. नुसत्या उचलीसाठी २७३ टन तोडावे लागतील. दिवसाला दोन टन धरले तर १३७ दिवस. हंगाम बऱ्याचदा त्याआधीच आटोपतो, आणि या १३७ दिवसांत आजारपण, पाऊस, गाडी न येणं, फडावरचा किराणा हे काहीच धरलेलं नाही. उरलेली बाकी पुढल्या सालावर जाते, म्हणजे पुढलं साल उगवण्याआधीच विकलेलं असतं. हा निव्वळ मनाच्या झुकावाचा प्रकार नाही, हे इथे सांगितलंच पाहिजे. घरात दवाखाना किंवा लग्न असताना दुसरा कुणी एकरकमी पैसा देत नाही, म्हणून उचल घेतली जाते. गरज खरी असते. झुकाव फक्त एवढंच करतो की लाखाची रक्कम डोळ्यांसमोर उभी राहते आणि १३७ दिवस दिसत नाहीत. म्हणून रक्कम ठरवताना उलटीकडून यावं: मागच्या हंगामात प्रत्यक्ष किती टन तोडले, त्याला दराने गुणून त्यातून फडावरचा खर्च वजा करावा, आणि राहील त्याच्या आतच उचल ठेवायचा प्रयत्न करावा.

ओढाताणीत डोकं कमी चालतं हेही मोजलेलं आहे. तमिळनाडूतल्या ५४ गावांमधल्या ४६४ ऊस उत्पादकांना एकदा तोडणीआधी, हात आखडलेला असताना, आणि एकदा पैसे आल्यानंतर त्याच प्रकारची कोडी घातली. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तोडणीआधी त्याच शेतकऱ्यांची बरोबर उत्तरं कमी आली. माणसं तीच होती, पण आजच्या देण्याने मनातली जागा व्यापली होती. यातून मोठ्या निर्णयांसाठी महिना कोणता हा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे खरिपाचे बहुतेक निर्णय मे-जूनमध्ये होतात, म्हणजे हात सगळ्यात रिकामा असताना. व्यवस्था याहून वाईट लावायची म्हटलं तरी जमणार नाही.

पश्चिम केनियात मका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवर एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी नेमकं हेच तपासलं. खत फायद्याचं आहे हे शेतकऱ्यांना ठाऊक होतं, घ्यायचंही होतं, पण लागवडीपर्यंत पैसा शिल्लक राहत नव्हता. मग काढणीनंतर लगेच, खिशात पैसा असताना, खताचे पैसे भरून घेतले आणि पोतं पुढे घरपोच मोफत दिलं. सवलत फक्त पोहोचवण्याची. तरी खत वापरणारे जवळपास तेवढेच वाढले, जेवढे लागवडीच्या वेळी खतावर निम्मी सूट दिल्यावर वाढले होते.

आपल्याकडे याचं गणित सोपं आहे. सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश अशी शिफारस आहे. स्फुरद पूर्ण डीएपीतून (नत्र आणि स्फुरद असलेलं खत) द्यायचं तर एकरी साधारण एक पोतं लागतं. पाच एकरांना पाच पोती, रोखीने १,३५० दराने ६,७५०. तेच जूनमध्ये उधारीवर, समजा, १,५०० ला पडलं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला फेडलं, तर पाच महिन्यांत पोत्यामागे १५० रुपये. शेकडा सव्वादोनच्या आसपास महिना. सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, हातात पडते त्याच आठवड्यात हे ६,७५० वेगळे काढायचे, घरात न ठेवता जूनपर्यंतच्या मुदत ठेवीत टाकायचे. घरात ठेवलेला पैसा कोणत्याही कामाला धावून जातो. उशिरात उशिरा येळवशीपर्यंत. लातूर-धाराशिवकडे या सणाला, मार्गशीर्ष अमावस्येला, सगळं घर शेतात जातंच, कोपीत भज्जी-अंबिलाचं जेवण होतं, तेव्हा पुढल्या खरिपाचा कागद तिथेच लिहायला हरकत नाही. खतच घेऊन ठेवायचं असेल तर थप्पी भिंतीपासून दूर, फळ्यांवर लावावी आणि पोतं फोडू नये. युरिया हवेतला ओलावा ओढून दगड होतो. बियाणं मात्र इतक्या लवकर बाहेरून घेऊ नये.

उद्या आठवणीतूनच बनतो

कॅनडात १९८१ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात मेंदूला इजा झालेला एक रुग्ण होता. अभ्यासक त्याला के. सी. म्हणत. त्याला स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग आठवत नसे, पण शब्द, माहिती, बुद्धिबळाचे नियम शाबूत होते. मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्विंग यांनी त्याला विचारलं, उद्या काय करणार? त्यालाही उत्तर नव्हतं, आत नुसतं रिकामं होतं. २००७ मध्ये डेमिस हसाबिस आणि सहकाऱ्यांना मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झालेल्या रुग्णांमध्येही तसंच दिसलं. समुद्रकिनाऱ्यावर उभे आहात अशी कल्पना करा म्हटलं तर त्यांच्याने पूर्ण चित्र जुळत नसे. म्हणजे भविष्य पाहायला मेंदूकडे वेगळं यंत्र नाही. भूतकाळाचेच तुकडे उलट्या बाजूने जोडून तो उद्या बनवतो.

हे कळलं की पुष्कळ गोष्टी उलगडतात. आठवणीत जे ठसठशीत, तेच भविष्यात दिसतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण भरलं. मे महिन्यात कुणाला विचारलं असतं तर धरण भरेल असं चित्र मनात आलं असतं का? तुकडेच नव्हते. उलटंही होतं. दोन-तीन सालं पाणी मुबलक राहिलं की उसाखालचं क्षेत्र वाढतं, कारण कोरड्या विहिरीचे तुकडे तळाला गेलेले असतात. दोन्ही वेळा माणूस अंदाज बांधत नसतो, शेवटचं चित्र पुढे ढकलत असतो.

कामाला किती दिवस लागतील या अंदाजातही तीच खोट. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३७ विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. सरासरी उत्तर ३४ दिवस. "सगळं काही बिघडलं तर?" याला उत्तर ४९ दिवस. प्रत्यक्षात ५५ दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमी पडला. कारण 'सगळं बिघडलं तर' ही कल्पनासुद्धा माणूस स्वतःच्या योजनेच्या आत बसून करतो.

विहिरीचं उदाहरण घ्या. स्वतःच्या विहिरीचा अंदाज ४० दिवस येतो. तो बाजूला ठेवून गावातल्या शेवटच्या पाच विहिरींना मुहूर्तापासून बांधकाम संपेपर्यंत किती दिवस लागले ते विचारा. समजा ५०, ६५, ७०, ९५, १४०. मधला आकडा ७०, तोच आपला अंदाज. "आपला खडक मऊ आहे" म्हणून त्यातून कमी करायचा मोह होतो, पण त्या पाचांनाही तसंच वाटलं होतं. मग मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाईन यांनी सुचवलेली युक्ती: काम सुरू करण्याआधीच धरून चाला की मिरग आला आणि विहीर अर्धवट आहे. आता कारणं लिहा. 'काय बिघडू शकतं' असं विचारलं तर लोक सावरून बोलतात; 'बिघडलंच आहे, कशामुळे?' असं विचारलं की पोकलेन मिळाला नाही, दहा फुटांवर काळा खडक लागला, अनुदानाचा हप्ता अडला, अशी खरी कारणं भराभर निघतात. त्यातल्या पहिल्या दोघांवर आधी तोड काढायची. जूनपर्यंत ७० दिवस बसत नसतील तर काम दिवाळीनंतर धरायचं.

पेरणीचा निर्णय यातला सगळ्यात नाजूक. ७-८ जूनला मृग लागतो, वळवाचा एखादा ४० मिलिमीटरचा पाऊस होतो, शेजारी तिफण बाहेर काढतो, आणि मिरगात पेरून पिकलेलं साल आठवतं. मिरगात पेरून मोडलेलं साल तितक्या चटकन आठवत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्ला स्पष्ट आहे: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये. कमी ओलीवर पेरलं आणि पुढे पंधरा दिवस उघडीप पडली तर दुबार पेरणी.

७५ झाला की नाही हे मनाला विचारू नये, पर्जन्यमापकाला विचारावं. महसूल मंडळाचा आकडा आपल्या शिवाराला लागू पडेलच असं नाही. तोंड आणि तळ सारखा असलेलं सरळ भिंतींचं भांडं घ्या. बादली चालत नाही, ती वर रुंद असते आणि आकडा फुगवते. झाड-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने मिलिमीटर मोजून लिहा आणि भांडं रिकामं करा. एक मिलिमीटर म्हणजे एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी. पाच सालं हे लिहिलं की 'आमच्याकडे मिरग साधतो' हे खरं की खोटं ते वहीच सांगेल.

बियाण्याच्या बाबतीत उद्या घरातच पाहता येतो. घरचं सोयाबीन असेल तर मे महिन्यातच उगवण तपासावी. पोत्यांच्या वर, मध्ये, तळाला असं सगळीकडून मूठभर घेऊन मिसळा आणि निवड न करता शंभर दाणे मोजा. निवडून चांगले घेतले तर तपासणीच वाया. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, दाण्यांत बोटाचं अंतर, वरून दुसरं ओलं गोणपाट, सैल गुंडाळी, सावलीत. रोज शिंपडायचं, पाणी साचू द्यायचं नाही, नाहीतर दाणे कुजतात आणि चांगलं बियाणं नापास होतं. सहा-सात दिवसांनी उघडून धड कोंब मोजायचे. शक्य असेल तर अशा तीन गुंडाळ्या करून सरासरी घ्यावी. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो. ६५ आले तर ३० ला ७० ने गुणून ६५ ने भागायचं, ३२ किलोच्या थोडं वर. ६० आले तर ३५ किलो. त्याच्याही खाली गेले तर ते पोतं बियाण्यातून काढून विक्रीच्या थप्पीत टाकायचं, आणि दुसरं शोधायला जूनपर्यंत तीन आठवडे हातात असतात.